मदत हवी आहे : काळ्या जमिनीवर जिनिंगच्या आवारात डांबरीकरण

हिंगणघाटजवळच्या खेड्यात आमची लहानशी जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) असून, कापसाच्या गाड्या उभ्या राहणाऱ्या सुमारे अर्धा एकर आवाराचे पावसाळ्यापूर्वी डांबरीकरण करावयाचे आहे. जमीन अस्सल काळी कसदार, म्हणजे पऱ्हाटीला (कपाशीला) उत्तम आणि रस्त्याला तितकीच वाईट. सध्याच्या भेगांत बैल हाकायची काठी, तुतारी, हातभर सहज उतरते, आणि पावसात तीच माती ट्रकची चाके गिळते.

प्रयोगशाळेच्या अहवालानुसार मातीचा मुक्त फुगवटा, म्हणजे पाण्यात फुगण्याचे प्रमाण, ५० टक्क्यांच्या वर, तर चार दिवस पाण्यात भिजवल्यानंतरचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या क्षमतेचा आकडा, केवळ २ टक्के आहे. कंत्राटदार फूटभर खोदून मुरूम भरावा आणि रोलर फिरवून खडी टाकावी, असे म्हणतात. मला हे अपुरे वाटते, कारण सरकारी रस्त्यांच्या कामांत डांबराखालच्या थरांच्याही खाली ५०० मिलिमीटर जाडीचा मातीचा थर प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या ९७ टक्क्यांपर्यंत दाबून घेतात.

जाणकारांना विनंती की, पूर्ण खोदाई करून मुरूम भरावा, की वरच्या मातीत ३ ते ५ टक्के चुना मिसळून तीच वापरावी, हे अनुभवावरून सांगावे. चुना मिसळल्यास दाबण्यापूर्वी माती किती वेळ मुरू द्यावी? शिवाय शेजारच्या ओलिताच्या वावरातून पाणी झिरपत असल्याने कडेची नाली किती खोल असावी, हेही कळवावे.