मदत हवी आहे: रहाडीच्या फुटेजमध्ये पिवळा रंग फुटतोय

नमस्कार मंडळी,

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडींचं शूट केलं. आता दा विंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत कलर (रंगदुरुस्ती) करायला बसलोय आणि घोडं अडलंय. बाहेरगावच्यांसाठी: रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा हौद. एरवी रस्त्याखाली बुजलेला, रंगपंचमीला उघडतात आणि पब्लिक त्यात धप्पा (उडी) मारते. रंगही ठरलेले, तिवंध्याला पिवळा, शनी चौकात गुलाबी.

माणूस धप्पा मारून वर आला की गाल, केस, बनियन सगळं एकाच पिवळ्यात. सोनी कॅमेऱ्याची क्लिप १०-बिट एस-लॉग३ (सोनीचं फिकट दिसणारं, नंतर रंग द्यायचं रेकॉर्डिंग) आहे. रेक.७०९ चा (नेहमीच्या टीव्ही-स्क्रीनच्या रंगमानकाचा) लट (LUT, तयार रंग-तक्ता) लावला की परेडमध्ये (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणाऱ्या आलेखात) निळा चॅनल तळाला चिकटतो आणि ओल्या गालावरची चमक गायब. सॅच्युरेशन उतरवलं तर पाणी पातळ वरणासारखं दिसतं, मंडळातली पोरं मला त्याच रहाडीत बुडवतील. जो तो ट्यूटोरियलवाला सांगतो, आधी स्किन टोन लाइनवर (रंग-आलेखावरच्या त्वचेच्या रंगाच्या रेषेवर) त्वचा आणा. अहो, इथे त्वचा दिसतेय कुठे?

दुसरा अँगल भावाच्या फोनचा, एचएलजी (एचडीआर व्हिडिओचा एक प्रकार), व्हाइट बॅलन्स ऑटोवर. फ्रेममध्ये पिवळा वाढला की काठाचा दगड निळसर पडतो, कमी झाला की पुन्हा राखाडी. एकाच क्लिपमध्ये! दोन्ही कॅमेरे जुळवायचे कसे?

प्रतिसाद:
लट आधी काढा. लटने कापलेलं पुढच्या नोडमध्ये (रंगदुरुस्तीच्या पुढच्या टप्प्यात) परत मिळत नाही. त्याऐवजी सगळ्यात शेवटच्या नोडवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एका रंगमानकातून दुसऱ्यात नेणारा इफेक्ट) टाका. इनपुट एस-गॅमट३.सिने (सोनीची रंगकक्षा, शूट त्यात असेल तर) आणि एस-लॉग३, आउटपुट रेक.७०९ गॅमा २.४, गॅमट मॅपिंगला सॅच्युरेशन कॉम्प्रेशन. बाकी सगळी दुरुस्ती त्याच्या आधी.

चमक का जाते? रेक.७०९ च्या ल्यूमात (उजळपणात) हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा जेमतेम ७. म्हणजे शुद्ध पिवळा पांढऱ्याच्या ९३ टक्के उजळ असतो. त्यावर पांढरी चमक उठणार कशी? ह्यू व्हर्सेस ल्यूम कर्व्हमध्ये (एकेका रंगाचा उजळपणा बदलणारा) पिवळा जरा काळवंडू द्या, आणि सॅट व्हर्सेस सॅट कर्व्हचं फक्त उजवं टोक (सगळ्यात गडद रंगांचं) खाली ओढा. सरसकट सॅच्युरेशनला हात लावू नका. १०-बिटला चॅनलमागे १०२४ पायऱ्या असतात, त्यामुळे एवढी ओढाताण सोसते. ८-बिटच्या २५६ मध्ये लगेच पट्टे पडले असते.

स्किन टोन लाइन विसरा. न भिजलेला दगड किंवा गर्दीतला कोरडा पांढरा शर्ट परेडवर न्यूट्रल करा. फोनच्या क्लिपला इनपुट रेक.२१०० एचएलजी द्या, मग त्याच दगडावर नजर ठेवून टेंपरेचर आणि टिंट कीफ्रेम करा (वेळेनुसार बदलत न्या). कंटाळवाणं काम आहे, पण क्वालिफायर (रंगावरून भाग निवडणारं टूल) इथे कामाचा नाही, त्याला पाणी आणि माणूस सारखाच दिसणार.

धागाकर्ता:
धन्यवाद! उजवं टोक ओढल्यावर कपाळावरून ओघळणारं पाणीसुद्धा दिसायला लागलं. शनी चौकाच्या गुलाबीत मात्र आता लाल चॅनल वर चिकटतोय, तिथेही हाच कर्व्ह चालेल का? आणि फोनच्या लेन्सवर रंगाचा एक थेंब बसलाय, कॅमेरा फिरतो पण तो जागचा हलत नाही. फ्यूजनमध्ये (रिझॉल्वच्या इफेक्ट्सच्या पानावर) कोणी असा थेंब काढलाय का?