मदत हवी आहे: झोपू शकणाऱ्या रीडरसाठी (वाचताना मध्येच थांबावं लागणाऱ्या कोडसाठी) एसआरसीयूपेक्षा हलकं लॉक?

हिंजवडीत एका कॅरेक्टर ड्रायव्हरवर (बाइटच्या ओघाने चालणाऱ्या डिव्हाइसच्या ड्रायव्हरवर) काम करतोय. लिनक्स कर्नल ६.१२, एक्स८६, ६४ कोअर. एक टेबल प्रत्येक कॉलला वाचलं जातं, बदलतं दिवसातून दोन-चारदा. रायटरला (टेबल बदलणाऱ्या कोडला) कितीही थांबावं लागलं तरी चालेल.

आधी आरडब्ल्यू-सेमाफोर (एकावेळी अनेक रीडर किंवा एकच रायटर आत सोडणारं लॉक) होता. सगळे रीडर एकाच काउंटरवर लिहितात, त्यामुळे कॅशलाइन (तो काउंटर असलेला कॅशमधला तुकडा) कोअर-कोअरमध्ये फिरत राहते. रेफकाउंटनेही (एंट्री किती जण वापरताहेत ते मोजणाऱ्या काउंटरनेही) तेच झालं, कारण सगळ्यांना तीच एक एंट्री हवी असते. साधं आरसीयू (रीडरला लॉकशिवाय वाचू देणारी पद्धत, पण त्यात झोपायला मनाई) चालत नाही: मध्ये कॉपी-फ्रॉम-यूजर (यूजर प्रोग्रॅमच्या मेमरीतून डेटा आणणं) आहे, पेज फॉल्ट (हवं ते पान मेमरीत नसणं) आला की झोप. कॉपी आधी उरकता येत नाही, किती बाइट घ्यायचे ते एंट्रीच सांगते.

सध्या एसआरसीयू आहे, म्हणजे रीडरला झोपू देणारं आरसीयू. बरोबर चालतं, पण पर्फ ॲनोटेटमध्ये (कुठल्या इन्स्ट्रक्शनवर वेळ जातो ते दाखवणाऱ्या टूलमध्ये) वेळ जातो तो लॉक आणि अनलॉकमधल्या मेमरी बॅरियरवर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पक्का करणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर), त्या लॉक-प्रीफिक्सवाल्या ॲडवर. रीडरला बॅरियर न लावणारं एसआरसीयू-लाइट ६.१३ मध्ये आलं आणि कर्नल बदलायची परवानगी नाही.

उरलं पर-सीपीयू आरडब्ल्यू-सेमाफोर (दर कोअरला वेगळा काउंटर असलेला). रायटर नसताना त्याच्या रीडरला बॅरियर लागत नाही, हे फार आवडलं. भीती एवढीच, की एक रीडर पेज फॉल्टमध्ये अडकला आणि तेवढ्यात रायटर आला, तर नवे सगळे रीडर त्या रायटरमागे तुंबतील. हे तुंबणं टाळून ६.१२ वरच रीडरचा बॅरियर काढायचा कोणी प्रयत्न केलाय का, आणि कसा?