सल्ला हवा: 'अ‍ॅब्सोल्यूटली एनिथिंग' बघू की नको?

खिडकीजवळची_सीट
शनिवारी दादा येतोय बंगलोरहून. तो मॉन्टी पायथन या ब्रिटिश कॉमेडी ग्रुपचा कट्टर फॅन, कॉलेजच्या गॅदरिंगला करवंट्या आपटत त्यांच्या 'होली ग्रेल' सिनेमातला घोडा पळवलेला त्याने, आणि मी अमेरिकन विनोदी नट रॉबिन विल्यम्सची. तर २०१५चा हा सायफाय कॉमेडी सापडलाय, डायरेक्टर टेरी जोन्स, तेव्हा हयात असलेले पाची पायथन परग्रहवासीयांच्या आवाजात, हिरो सायमन पेग आणि रॉबिन विल्यम्सचा आवाज कुत्र्याला! एवढी नावं बघून हरखलेच मी, पण रेटिंग बघितलं तर बोंब. कुणी बघितलाय का?

तूरडाळ
नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. पुढे जा.

रिकामा_रांजण
मी बघितलाय आणि अजून राग आहे. आयडिया झकास आहे हो, एलियन लोक पृथ्वी उडवायच्या आधी एका कुणाही माणसाला वाट्टेल ते करायची शक्ती देतात, तो निघतो लंडनचा एक कंटाळलेला मास्तर, हात हलवला की म्हणेल ते होतं. एच. जी. वेल्सची जुनी गोष्ट आहे तशी. पण वेल्सचा कारकून पृथ्वीचं फिरणं थांबवून बसतो आणि हा बाबा काय करतो तर कुत्र्याची शी आपोआप संडासात पाठवतो. पाच पायथन मिळून कॉम्प्युटरवर काढलेल्या प्राण्यांना आवाज देतात, त्यांचे चेहरेच दिसत नाहीत! अहो जॉन क्लीजचं निम्मं काम भुवया करतात, त्याच झाकल्यावर उरलं काय?

मधुमालती७८
खिडकीताई, विल्यम्ससाठी बघणार असाल तर मन घट्ट करा. ऑगस्ट २०१४मध्ये ते गेले आणि हा त्यानंतर लागला, शेवटचं काम. कुत्र्याला वाचा फुटते आणि तो बिस्किटं बिस्किटं करत सुटतो तेवढा भाग खरंच गोड आहे, मला हसता हसता भरून आलं. पण 'अलादीन'मध्ये (१९९२) जो माणूस जिन होऊन दुसऱ्यांच्या इच्छा पुऱ्या करत होता आणि माइकपुढे मनाला येईल ते बोलत सुटला होता, त्याला इथे इच्छांच्याच सिनेमात एका कोपऱ्यात बांधून ठेवलंय. मला तेच लागलं जास्त.

रिकामा_रांजण
+१. आणि सायमन पेग स्वतः लिहायला असला की वेगळाच असतो. 'शॉन ऑफ द डेड' त्याने एडगर राइटबरोबर लिहिलाय, 'पॉल' निक फ्रॉस्टबरोबर. इथे स्क्रिप्ट दुसऱ्यांची आणि हा बिचारा दीड तास हात हलवतोय.

तूरडाळ
दीड तास पण नाहीये. तेवढीच कृपा.

खिडकीजवळची_सीट
मग त्याऐवजी काय बघू? आई पण असेल बरोबर, तेव्हा जरा बेतानं.

मधुमालती७८
'गॅलेक्सी क्वेस्ट', १९९९. डोळे झाकून. बंद पडलेल्या टीव्ही सिरीयलचे नट आणि ती सिरीयल खरी समजून त्यांना न्यायला आलेले भाबडे एलियन. अ‍ॅलन रिकमन डोक्यावर रबरी कवटी लावून ज्या वैतागाने आपला तोच तो डायलॉग म्हणतो ना, आमच्याकडे बिन-इंग्रजीवाल्या सासूबाई पण हसल्या. पेगचा 'वर्ल्ड्स एंड' मात्र आईंसोबत नको, बारा पब आणि शिव्या.

रिकामा_रांजण
आणि दादाला पायथनच हवं असेल तर 'लाइफ ऑफ ब्रायन' परत लावा, तोही जोन्सनेच केलाय, वर ब्रायनची आई झालाय. जानेवारी २०२०मध्ये गेला तो. मी तरी त्याला त्या आईसाठीच लक्षात ठेवणार.

खिडकीजवळची_सीट
अपडेट: एवढं सांगून पण हट्टाने लावलाच. दादा अर्ध्यात झोपला. आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, कुत्रा बोलायला लागल्यावर लाटणं हातात घेऊन उभीच राहिली आणि म्हणाली, "ह्याचं काम कुणी केलंय गं? मनापासून केलंय." मी काही बोललेच नाही. आता दादाला उठवते, जेवण झालं की 'गॅलेक्सी क्वेस्ट'.