प्रश्न गावातून यायला हवा

लहान विद्यापीठाकडे ना निधी ना प्रयोगशाळा, मग संशोधन कसलं होणार, असं कुणीतरी लिहिलंय. निधीची ओढाताण खरीच आहे. पण गोंडवाना विद्यापीठाचं बघा. २०११ साली नागपूरपासून वेगळं झालं, पदरात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे. पण अभ्यासाचे प्रश्न तिथे गावागावांत आहेत. विद्यापीठ येण्याच्या कितीतरी आधी त्याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्यानं दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचं दाखवून दिलं. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावात तर गावकऱ्यांचाच अभ्यासगट आहे! अभ्यास करायचा, मग ग्रामसभेत निर्णय घ्यायचा. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळाला त्यामागे ही सवय होती, असं मला ठामपणे वाटतं.

मी एका लहान कॉलेजात शिकवते. आमच्या मुलांनी शेजारच्या गावात पाण्याचं सर्वेक्षण केलं, अहवालाला गुण मिळाले, गठ्ठा कपाटात गेला. पुढच्या वर्षी मुलं परत गेली तेव्हा एका आजीनं दारातच विचारलं, "मागल्या खेपेला लिहून नेलंत, त्याचं काय झालं बाळांनो?" मुलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. फार लागलं ते.

तेव्हापासून आमच्याकडे अहवाल आधी ग्रामसभेत वाचला जातो, गुण नंतर. पहिल्याच वाचनात लोकांनी आमच्या नकाशावरच्या दोन विहिरी खोडायला लावल्या, त्या केव्हाच बुजल्या होत्या. आणि यंदाचा विषय त्यांनीच दिलाय: हातपंपाचं पाणी उन्हाळ्यात लालसर का येतं?