लांब पल्ल्याच्या वायफायमध्ये कॅरिअर सेन्स बंद का करायचा? टूपीचा पेपर वाचतोय

एमटेक_सांगली:
गाइडनी भास्करन रमण आणि कामेश्वरी चेब्रोलू यांचा २००५ च्या मोबिकॉम परिषदेतला टूपी प्रोटोकॉलचा (लांबच्या गावांना वायफायनं जोडताना कुणी कधी बोलायचं याचे नियम) पेपर वाचायला दिलाय. दोघं तेव्हा आयआयटी कानपूरला होते, आता आयआयटी मुंबईत आहेत. चार वेळा वाचला पण एक गाठ सुटत नाहीये. बीईला आम्हाला शिकवलं की वायरलेसमध्ये आधी कानोसा घ्यायचा (हाच कॅरिअर सेन्स), चॅनल मोकळा असेल तरच बोलायचं, आणि हे लोक चक्क तेच बंद करतात, वर एसीकेपण (पॅकेट मिळाल्याची पोच) काढून टाकतात, मग सगळी पॅकेट्स एकमेकांवर आदळणार नाहीत का? कुणी सोप्या भाषेत सांगाल का प्लीज.

डिशवाला:
मी पेपरवाला माणूस नाही, घाटावर लिंक टाकायची कामं करतो, पण हे डोळ्यांनी बघितलंय. एका टॉवरवर दोन ग्रिड (जाळीच्या डिश अँटेना), एक डावीकडच्या गावाला एक उजवीकडच्या, चॅनल एकच. ग्रिडचा मेन बीम समोर जातो पण बाजूनं थोडं गळतंच, आणि दोन ग्रिडमध्ये अंतर जेमतेम दीड-दोन मीटर. त्यामुळे डावी बोलायला लागली की उजवीच्या रेडिओला वाटतं कानाशी कुणी ओरडतंय, ती गप्प बसते. खरं तर तिनं बोलायला काहीच हरकत नव्हती, कारण दोन्ही गावांच्या डिश आपापल्या बाजूनं टॉवरकडे बघतायत. पहिल्यांदा मी दिवसभर अलाइनमेंटच करत बसलो होतो, अलाइनमेंट चोख होती.

नेटवर्क_मास्तर:
वरच्या दादांनी अर्धं उत्तर दिलंय. एका टॉवरवर सगळ्या डिश एकदम बोलल्या तर चालतं, सगळ्या एकदम ऐकायला बसल्या तरी चालतं, एक बोलतेय आणि दुसरी ऐकतेय एवढंच चालत नाही, कारण बोलणारीचं गळकं सिग्नल ऐकणारीचं ऐकणं बुडवतं. टूपी म्हणजे दोनच फेज, आता सगळे बोला, आता सगळे ऐका. आपलं बोलून झालं की शेवटी एक मार्कर पॅकेट पाठवायचं म्हणजे पलीकडच्याला कळतं आता माझी पाळी. मग कानोसा कशाला लागतो, पाळी ठरलेलीच आहे.

शिवाय अंतराचं गणित कर. सिग्नलला एक किलोमीटरला साधारण ३.३ मायक्रोसेकंद लागतात, १५ किलोमीटरला ५०, आणि ८०२.११बी या वायफाय स्टँडर्डचा स्लॉट (कानोसा घेऊन थांबायचं वेळेचं माप) २० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे पलीकडचा बोलायला लागला हे तुला कळेपर्यंत दोन स्लॉट उलटून गेले. एसीके परत यायचा तर जाऊन-येऊन १००, तोवर सेंडर कंटाळून तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. स्टँडर्ड घरा-ऑफिसातल्या अंतरासाठी बांधलेलं, ते यांनी गंगेच्या सपाट मुलखात गावं जोडायला लावलं, तेव्हा हे उघडं पडलं.

मला सगळ्यात आवडतं ते त्यांनी बाजारातल्या साध्या कार्डावर हे केलं ते. कार्डाला अँटेनाचे दोन कनेक्टर असतात ना, बोलायच्या वेळी ऐकायचं काम रिकाम्या कनेक्टरकडे वळवलं, तिथे अँटेनाच नाही तर ऐकू काय येणार! आणि पॅकेट मॅक लेव्हलला (चॅनलवर पाळी सांभाळणारा थर) ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी म्हणून पाठवलं, ब्रॉडकास्टला एसीके येतच नाही. नवीन हार्डवेअर शून्य. आमच्या पोरांना मी हे पान दरवर्षी वाचायला लावतो.

एमटेक_सांगली:
सर आणि दादा, खूप खूप आभार, कनेक्टरवालं तर मी वाचून पुढे गेलो होतो, आता उठून परत वाचलं. एकच शंका, माझ्या नकाशात तीन गावं त्रिकोणात आहेत आणि तिन्ही एकमेकांना जोडायचीत.

नेटवर्क_मास्तर:
मग अडेल. अ बोलतंय तर ब आणि क ऐकणार, आणि ब-क मध्ये बोलणारं कुणीच नाही. टूपीला गावं दोन गटांत पडावी लागतात, एक गट बोलताना दुसरा ऐकणार, आणि लिंक फक्त या गटातून त्या गटात. तिसरी लिंक वेगळ्या चॅनलवर टाक, १ आणि ६ असं काहीतरी, नाहीतर सोड ती. आणि दोन लिंकमधला कोन फार बारीक ठेवू नकोस, शेजारचं गळकं सिग्नल डोक्यावर बसेल.

डिशवाला:
टॉवरची उंची आधी बघ मित्रा, खर्च तिथेच जातो, रेडिओ त्यामानानं स्वस्त. एखाद्या गावात पाण्याची टाकी उंचावर असेल तर आधी तिच्यावर चढून बघ समोरचं दिसतंय का.

एमटेक_सांगली:
क गावाला टाकी आहे, रविवारी जातो.