मदत हवी आहे : तीन मजली गृहरचनेत प्रत्येक घराला उन्हाचे अंगण कसे द्यावे?

नमस्कार. पुण्यातील एका भूखंडावर तळमजला अधिक दोन मजले अशा गृहरचनेचा आराखडा मी करीत असून, प्रत्येक सदनिकेला आकाशाला खुले असे स्वतःचे अंगण मिळावे, असा माझा आग्रह आहे. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांनी सात-सात घरे लहान चौकाभोवती बसवली. पण तेथे प्रत्येक घर जमिनीवर आहे, आमच्याकडे घरावर घर आहे.

अडचण हिवाळ्याची आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे ९ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ८ मीटर पसरते आणि दक्षिणोत्तर ३ मीटर रुंदीच्या अंगणात ऊन वरच्या मजल्याच्या भिंतीवरच थांबते. अंगण नुसते मोठे करावे, तर सदनिका कमी होतात, आणि ते मालकांना मान्य होणार नाही.

म्हणून दक्षिणेची बाजू एकमजली ठेवून उत्तरेकडे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जावे, खालच्या घराचे छत हेच वरच्याचे अंगण करावे, असा विचार आहे. मात्र वरच्या कठड्यावरून खालच्या अंगणात थेट नजर जाते. जाळीची उंच भिंत घातली तर ज्या उन्हासाठी हा खटाटोप, तेच पुन्हा अडते. कठड्याला लागून रुंद मातीचा वाफा केल्यास नजर पुरेशी अडेल का? आणि झोपण्याच्या खोलीवर असे अंगण असताना पावसाळ्यात ओल उतरू नये यासाठी ब्रिकबॅट कोबा (छतावर विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला उताराचा थर) पुरतो का, की त्याखाली वेगळा जलरोधक थर हवाच? अशी बांधकामे प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.