१० बाय ९ च्या खोलीत पारसिक बोगदा: एचओ की एन?

खारेगावकर
नमस्कार मंडळी. ताईचं लग्न झाल्यापासून आमच्याकडे १० बाय ९ ची खोली रिकामीच आहे. तिथे मॉडेल रेल्वे मांडायला परवा आईनेही हो म्हटलं. कपाट हलवलं की चारही भिंती मोकळ्या.

नुसती गोल फिरणारी गाडी नकोय. मला ठाण्याच्या पुढचा कळवा ते दिवा हा रेल्वेमार्ग उभा करायचाय. स्लो लाइन डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने मुंब्र्याला जाते, फास्ट लाइन १९१६ च्या पारसिक बोगद्यातून जायची, आणि दिव्याला दोन्ही भेटायच्या. काळ जादा रूळ पडायच्या आधीचा. बाबा दिव्याला पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारे, होते. रात्रपाळी करून आले की हात दोनदा धुवायचे, तरी जेवताना ग्रीसचा वास यायचाच. म्हणून दिवा हवंच.

एचओ आणि एन ही मॉडेलची मापं, एन लहान. एचओचं एक इंजिन आणि दोन डबे घेऊन ठेवलेत, त्यामुळे जीव तिथे अडकलाय. जागा पुरेल का? आणि पावसाळ्यात प्लायवूड टिकतं का?

नेरूळचा काका
आधी सांगा, खोलीचं दार आत उघडतं की बाहेर?

आता हिशोब. आपला आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला, डबा साधारण २१ मीटरचा. एचओ म्हणजे १:८७, डबा २४ सेंटीमीटर. नऊ डब्यांची लोकल सव्वादोन मीटरच्या आसपास जाते, आणि तुमची लांब भिंत तीन मीटर. गाडी कळव्यातून निघायच्या आत तिचं तोंड दिव्यात! एनमध्ये, १:१६० ला, डबा १३ सेंटीमीटर आणि लोकल १.२ मीटर. शिवाय एचओत लांब डब्यांना ५६ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नये. कोपऱ्यातच सगळी जागा जाईल. एनला ३८ पुरते. एन घ्या. तुमचं इंजिन काचेच्या कपाटात शोभून दिसेल.

भारतीय डबे एनमध्ये दुकानात सहज मिळत नाहीत. मी थ्रीडी प्रिंट करून घेतले, रंग घरी दिला.

चरईची
पावसाचं मी सांगते, कारण पस्तावले आहे. पहिला बोर्ड साध्या कमर्शिअल प्लायचा होता. जुलैत मधोमध फुगला, एक सांधा नखाएवढा वर आला आणि इंजिन रोज तिथेच घसरायचं. आता १२ मिलिमीटर मरीन प्लाय, खाली दर दीड फुटाला आडवी पट्टी, आणि कापलेल्या कडांसकट दोन्ही बाजूंना वॉर्निश. ओल आत शिरते ती कडांमधूनच. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळेवर काळपट थर येतो, त्यातून वीज नीट जात नाही आणि गाडी अडखळते.

बोगदा खरा १.३ किलोमीटरचा, म्हणजे एनमध्येसुद्धा आठ मीटर. तो छाटावाच लागेल. दोन्ही तोंडं मात्र मन लावून करा, आणि डोंगराची एक बाजू उचलता येईल अशी ठेवा. गाडी घसरते ती नेमकी हात पोचत नाही तिथे. फळी दोन फुटांहून रुंद नको.

खारेगावकर
काका, दार आत उघडतं. तो विचारच केला नव्हता.

नेरूळचा काका
मग बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असं करून घ्या, आणि दारात ठाणे-कळवा खाडीपूल ठेवा. पूल म्हणजे सुटा तुकडा. आत-बाहेर करताना उचलायचा. मात्र तो उचलला की दोन्ही बाजूंच्या हातभर रुळांची वीज बंद झाली पाहिजे, नाहीतर गाडी थेट फरशीवर.

खारेगावकर
एन ठरलं. रविवारी फरशीवर खडूने आखलं: दारात पूल, डावीकडे कळवा, समोर डोंगर, खिडकीखाली खाडी. आई त्या रेघांवर पाय न देता आत आली आणि विचारलं, "ह्यांची केबिन कुठेय?" बाबांची ती सिग्नल केबिन उजव्या भिंतीला, दिव्याच्या टोकाला घेतोय. दिव्याच्या जुन्या केबिनचे फोटो कोणाकडे असतील तर इथे टाका. खिडक्या आणि जिना कुठल्या अंगाला होता, तेवढं कळलं तरी पुरे.